अमाल्फीच्या वळणावर सासरे

माझ्या सासऱ्यांइतका वाईट प्रवासी मी आजवर पाहिलेला नाही. रत्नागिरी डेपोत तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेला हा माणूस शेजारच्या सीटवर बसला, की गाडी मी नाही, तेच चालवतात. सासूबाई गेल्या, त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही त्यांना तीन महिन्यांसाठी जर्मनीत, आमच्याकडे रेगेन्सबर्गला आणलं. साधं दूध आणायला निघालो तरी ते आधी गाडीभोवती फेरी मारायचे आणि चारही टायरांना लाथ घालून बघायचे. "बाबा, गाडी परवाच तपासणीत पास झालीय," मी एकदा सांगितलं. "कागद पास झाला असेल," म्हणत ते चौथ्या टायरकडे गेले. आउटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गावर, त्यांचा उजवा पाय सारखा खालची चटई दाबत असायचा. "बाबा, तिथं ब्रेक नाहीये," बायको म्हणायची. "मला माहितीये गं. पायाला कोण सांगणार?" शहरातल्या प्रत्येक बसड्रायव्हरला ते हात उंचावून सलाम करत. ड्रायव्हर आधी गोंधळले, मग तेही हात करू लागले, आणि महिन्याभरात आमच्या थांब्यावरची बस त्यांच्यासाठी चक्क अर्धं मिनिट थांबायला लागली. मी इथं नऊ वर्षं राहतोय. माझ्या तोंडावर अजून दार बंद होतं.

अशा माणसाला घेऊन इटलीत अमाल्फीच्या किनाऱ्यानं गाडी चालवायची, ही कल्पना बायकोची. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला कठडा, त्याखाली थेट समुद्र, आणि रस्ता जेमतेम आमच्या गाडीच्या मापाचा. तिसऱ्याच वळणावर समोरून बस आली. मागे गाड्यांची रांग आणि हॉर्नचा गोंगाट. सासऱ्यांनी शांतपणे बेल्ट काढला, टोपी सारखी केली आणि ते खाली उतरले. मागच्या गाड्यांना तळहात दाखवून त्यांनी थोडं मागे सरकवलं. मग पुढे येऊन मला म्हणाले, "जावईबापू, बसकडं बघूच नका. माझा हात बघा. जाऊ द्या मागं... जाऊ द्या... बास." नंतर बसपुढे उभं राहून त्यांनी ड्रायव्हरला अस्सल रत्नागिरी मराठीत सूचना दिल्या. त्यानं एकही शब्द न कळता प्रत्येक सूचना पाळली. बस आमच्या आरशापासून चार बोटांवरून अलगद निघाली. ड्रायव्हरनं खिडकीतून हात काढून सासऱ्यांचा हात धरला, आणि दोघं गप्पा मारत राहिले, एक इटालियनमध्ये, एक मराठीत, पुन्हा हॉर्न सुरू होईपर्यंत.

पुढे जरा जागा मिळताच मी गाडी बाजूला घेतली. आम्ही तिघं कठड्यावर बसलो. "आपल्या रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या रस्त्यालाही खाली असाच समुद्र आहे," सासरे म्हणाले. "इतकी वर्षं गेलो तिथून, पण बघितला नाही. वळणावर ड्रायव्हरचे डोळे रस्त्यावर. तुमची सासू माहेरी जाताना माझ्याच गाडीत बसायची. म्हणायची, अहो, बघा तरी जरा. मी म्हणायचो, तू बघून घे आणि घरी आल्यावर सांग."

"मग सांगायच्या?" मी विचारलं.

"सांगायची की. भाकरी थापता थापता सगळं सांगायची. होड्या किती होत्या, पाण्याचा रंग कसा होता."

मग ते बराच वेळ समुद्राकडे बघत बसले. आम्हीही निघायची घाई केली नाही.