शांताचा अर्ज

महिला कारागृहात मी शिपाई आहे. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर गुन्हेगारीशास्त्राच्या एम.ए.चे तास ऐकते. "कुलूप लावायला एम.ए. कशाला?" असं साहेब हसून विचारतात.

काल वऱ्हांडा झाडणारी कैदी शांता हातातला झाडू विसरून थांबली. मोबाइलवर प्राध्यापक खटला न संपलेल्या कैद्यांविषयी बोलत होते.

"बाई, हे आमच्याबद्दल आहे?" तिने विचारलं.

"हो. वकील परवडत नसेल तर सरकार देतं. तुझा हक्क आहे तो."

तीन वर्षं मी तिच्यावर पहारा दिला, पण हे कधी सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. फार लाज वाटली.

आज तिचा अर्ज साहेबांपुढे ठेवला.

"हे नसते उद्योग कशाला?" ते म्हणाले.

"कायद्यात आहे, साहेब," मी म्हणाले, आणि सही होईपर्यंत तिथून हलले नाही.