पत्रकातले अकरा ‘नका’

“वजन वाढतंय, पण मला ते वजन आवडत नाहीये,” साळवे बाई फोनवर म्हणाल्या.

बुधवार होता, सकाळचे साडेदहा. बाईंचा हा दुसरा फोन. मी एका प्राणिसंस्थेची हेल्पलाइन सांभाळते. हेल्पलाइन म्हणजे काय, तर शहरातल्या समस्त शहाण्यांनी पिल्लांची काय वाट लावली ते दिवसभर ऐकून घ्यायचं. आदल्याच महिन्यात एका साहेबांनी तीन आठवड्यांचं पिल्लू शाम्पूने धुऊन पंख्याखाली वाळत ठेवलं होतं. एकीने चहात बुडवलेला पाव भरवला. एकाने विचारलं, “पांढरं असेल तर ठेवतो, नाहीतर तुम्ही घेऊन जा.” आणि इथे या बाई वजन वाढल्याची तक्रार करत होत्या.

“बाई, ही चांगली बातमी आहे. लोक वजन घटलं म्हणून रडतात.”

“किती वाढलं ते तरी विचार.”

“किती?”

“काल दुपारी एकशे नव्वद ग्रॅम. आत्ता दोनशे बारा. आणि सकाळपासून दूध निम्मंच पितंय. निम्म्या दुधात एवढं वजन येतं कुठून?”

साळवे बाई निवृत्त अंगणवाडी सेविका. नाशिक रोडला राहतात. मुलगा अंबडला कंपनीत आहे. सोमवारी कुठूनतरी आलेल्या मालाच्या क्रेटमध्ये त्याला हे मांजराचं पिल्लू सापडलं. आई कुठल्या गावात राहिली, देव जाणे. डोळे नुकते उघडलेले, म्हणजे वय दहा-बारा दिवस. डब्याच्या पिशवीत घालून त्याने ते घरी आणलं. मंगळवारी दुपारी बाईंनी पहिल्यांदा फोन केला, तेव्हा मी त्यांना मावशी म्हणाले. “मावशी नको, बाई म्हण. सगळी कॉलनी बाईच म्हणते.” पिल्लाचं नाव काय ठेवलं, असं विचारलं, तर म्हणाल्या, “आधी जगू दे.”

त्याच फोननंतर मी त्यांना आमचं पत्रक व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. ते मीच लिहिलंय. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकंच लिहीत आले. लाल अक्षरं, अकरा मुद्दे, आणि प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी ‘नका’.

आता मी नेहमीची प्रश्नावली काढली.

“गाईचं दूध देताय का?”

“सोमवारी दिलं होतं थोडं. तुझं पत्रक वाचलं आणि बंद. पोराला पाठवून पावडरचा डबा आणला.”

पिल्लांसाठी मांजरीच्या दुधासारखी पावडर मिळते. गाईच्या दुधाने त्यांना जुलाब होतात, आणि या वयात जुलाब म्हणजे खेळ खलास.

“उताणं धरून पाजता?”

“पालथं. मुद्दा तीन.”

उताणं पाजलं की दूध श्वासनलिकेत जातं. हेही लोकांना ओरडून सांगावं लागतं. बाईंना नाही लागलं.

“ऊब?”

“गरम पाण्याची बाटली, मोज्यात घालून. गार झाली की बदलते.”

“शू करतंय?”

“कापड जरा जरा ओलं होतं.”

“शी?”

“काल सकाळी केली. नंतर नाही.”

दूध बदललं की होतं असं. मी मनात सगळ्यापुढे बरोबरच्या खुणा केल्या.

“सगळं नीट आहे, बाई. धीर धरा.”

“पोरी, पोट ढोलकीसारखं लागतंय. सूज आलेलं मूल काट्यावर ठेवलं की काटा खोटं बोलतो. आम्ही आधी पायावर अंगठा दाबून बघायचो खड्डा पडतो का, मग वजन लिहायचो. हे वजन अंगाचं नाही.”

“माणसाचं मूल वेगळं, बाई. मांजर वेगळं.”

हे मी म्हणाले. अगदी ठासून. आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासाने तिसरा फोन. एकच वाक्य. “ओरडायचं थांबलं.”

ओरडणारं पिल्लू डोकं उठवतं, पण गप्प झालेल्या पिल्लाची भीती वाटते. बाईंना म्हटलं, आहात तशा तिथल्याच आमच्या डॉक्टर मॅडमच्या क्लिनिकला पोचा, मी निघते. हेल्मेट उचललं तर आमचे सचिव दारात.

“कुठे निघालीस? शाळेत पत्रकं वाटायचीयत ना?”

“नाशिक रोडला. पिल्लू सीरियस आहे, सर.”

“आपण हेल्पलाइन आहोत, ॲम्ब्युलन्स नाही.”

“मग तेही पत्रकात छापा.”

द्वारका सर्कलला अर्थातच सगळं शहर हॉर्न वाजवत उभं होतं. मी पोचले तेव्हा बाई आत होत्या. टेबलावर बुटाचं खोकं, खोक्यात पिल्लू, बाईंच्या हातात वजनाचा तक्ता. मॅडमनी तक्ता बघितला. दोन बोटांनी पिल्लाचं पोट चाचपलं.

“याला शू कोण करवतं?”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे.

इतक्या लहान पिल्लाला आपली आपण शू करता येत नाही. आई चाटते, तेव्हा होते. आई नसेल तर दर पाजण्यानंतर कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने हलकं पुसायचं, की होते. हे मला माहीत होतं. मी स्वतः कित्येक पिल्लांना करवलंय. इतकं अंगवळणी पडलंय की कुणाला सांगावं लागेल, हेच डोक्यात आलं नाही. आणि ते ओलं कापड? टाकी काठोकाठ भरली की थेंब गळतात, तसले थेंब होते ते. मी त्यांच्यापुढे बरोबरची खूण केली होती.

“अहो, मी करत होते की,” बाई म्हणाल्या. “मांजर चाटते ते काय मी बघितलं नाही? सोमवारी पुसलं, मंगळवारी सकाळी पुसलं. शू झाली, शी झाली. मग दुपारी हिचं पत्रक आलं.”

त्यांनी चष्मा लावला, मोबाइल काढला आणि मॅडमना वाचून दाखवलं. “मुद्दा सात. पिल्लाला अजिबात ओलं करू नका. ‘अजिबात’खाली रेघ आहे.”

ती रेघ मी मारली होती. शाम्पूवाल्या साहेबांसाठी.

मॅडमनी कोमट पाणी घेतलं, कापूस घेतला. एका हाताने पुसत, दुसऱ्या हाताने पोट हलकेच दाबून धरलं. काही नाही. पुन्हा. काही नाही. बाई पदर मुठीत धरून उभ्या. मग एक थेंब आला, मग धार लागली, आणि थांबेचना. मॅडमनी तीन वेळा कापूस बदलला. एवढ्याशा जिवात एवढं मावलं कुठे होतं!

बाईंनी विचारलं, “काटा आहे का?”

पिल्लू काट्यावर ठेवलं. एकशे त्र्याण्णव. बाईंनी दोनशे बारावर काट मारली आणि शेजारी आकडा लिहिला. “हे खरं वजन.”

तेवढ्यात पिल्लू ओरडलं. कर्कश. मला इतका बरा आवाज त्या आठवड्यात ऐकायला मिळाला नव्हता.

“संध्याकाळपर्यंत इथेच राहू दे,” मॅडम म्हणाल्या. “आणखी अर्धा दिवस गेला असता तर मी काही सांगू शकले नसते.”

बाहेर आल्यावर मी बाईंची माफी मागायला लागले आणि मध्येच माझं भाषण सुरू झालं. लोक इतका मूर्खपणा करतात, म्हणून असं कडक लिहावं लागतं वगैरे.

“त्या मूर्खांनी वाचलं का ते?” बाईंनी विचारलं.

मी हेल्मेट घालायला घेतलं.

“ते नाही वाचत. आमच्यासारख्या वाचतात. पत्रकं वाटण्यात माझी हयात गेली, मला नको सांगू. बाळंतिणीने हे करू नये, ते करू नये. ती बिचारी घाबरून बरोबर करत असलेलंही सोडते. करायचं काय, ते लिही की दोन ओळी.”

दुसऱ्या दिवशी सचिवांनी सुचवलं, मुद्दा सातवर स्टिकर लावू. मी म्हटलं, पत्रक रद्द. “अगं, एवढा छापलेला गठ्ठा?” मी गठ्ठा उचलून साळवे बाईंकडे दिला. पाठकोरी पानं आहेत, त्यांवर त्या पिल्लाचं वजन लिहितात. परवा सहाशे ग्रॅम भरलं. नाव अजून ठेवलेलं नाही, पण अंथरुणात बाईंच्या पायाशी झोपतं.

नव्या पत्रकात पहिली ओळ कोमट कापसाची आहे. फोनवर मी आता ‘काय चुकलं?’ असं विचारत नाही. तुम्ही काय करत होतात आणि कधी थांबवलंत, हे विचारते.

शाम्पूवाल्या साहेबांचाही परवा फोन आला होता, नवीन पिल्लू सापडलं म्हणून. त्यांनी पत्रक वाचलेलं नाही. जुनंही नाही, नवंही नाही.