डावं पेडल

ग्रीसचा वास आला की मला माझ्या सायकलचं डावं पेडल आठवतं. ती सायकल नाशिकमधल्या एका मिस्त्रीकाकांनी माझं माप घेऊन बनवली होती. “साहेब, पाय लांब आहेत तुमचे, धीर आखूड,” असं चिडवत त्यांनी मला देखभालही शिकवली आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे दोनदा बजावलं. मी तेव्हा नव्या सायकलसोबत सेल्फी काढत होतो. पुढे घरी स्वतःच पेडल बसवायला गेलो आणि सवयीने सुलट जोर लावून आट्यांची पार वाट लावली. रविवारी त्र्यंबक रोडच्या चढावर, आमच्या सगळ्या सायकल ग्रुपदेखत, पेडल माझ्या बुटासकट निघून आलं. लाज वाटली, म्हणून ओरडलो, “म्हाताऱ्याने कच्चं काम केलंय!” सगळे मला घेऊन तावातावाने काकांच्या दुकानात गेले. काकांनी आट्यांवरून बोट फिरवलं, माझ्या नखांतलं काळं ग्रीस पाहिलं आणि म्हणाले, “राहिलं असेल माझ्याकडून.” त्यानंतर ग्रुपमधलं कुणी त्यांच्याकडे गेलं नाही. आता पेडल मी झटक्यात बसवतो. माझ्या फजित्या ऐकून ग्रुप पोट धरून हसतो. ही एक मात्र मी अजून कुणाला सांगितलेली नाही.