एकशे बेचाळीस रुमाल आणि एक तक्रारवही

आत्याचे एकशे बेचाळीस रुमाल मी एका सकाळी गरम पाण्यात भिजवले, साबण लावून चोळले, तीन पाण्यांतून खळबळून काढले आणि अंगणात धूळ बसते म्हणून आतल्या खोलीत पंख्याखाली वाळत टाकले. इतकं मन लावून काम मी नोकरीतही कधी केलं नव्हतं. संध्याकाळी कळलं की तो कोर्टात दाखवायचा पुरावा होता.

चूक माझीच होती, पण थोडी त्या रुमालांचीही होती. आत्याची लॉन्ड्री आहे. तिथे येणाऱ्या प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात, धुतली तरी न जाणाऱ्या शाईने गिऱ्हाइकाचा नंबर घालतात. आत्याचा उजवा हात मुरगळला म्हणून मी आठवडाभर मदतीला गेलो होतो. कपाटात एक बोचकं दिसलं. उघडलं तर मातकट रुमाल, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात नंबर: बारा-चार, तेरा-चार, चौदा-चार. मला वाटलं, सर्दीने बेजार झालेलं एखादं मोठं कुटुंब असणार. त्या तारखा असतील हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात वेळेवर येणाऱ्या गोष्टी तशा कमीच.

दुकानाच्या मागे टेकडी आहे. म्हणजे होती, आता तिची आपल्याकडची बाजू तेवढी उरली आहे, नाटकाच्या पडद्यासारखी. पलीकडची बाजू खडी होऊन कधीच निघून गेली. खाणीच्या भाडेपट्ट्याची मुदत गेल्या वर्षी संपली. आत्याने दावा लावला तेव्हा कोर्टाने मालकाला बजावलं होतं की नूतनीकरण होईपर्यंत आणि पर्यावरणाची मंजुरी हातात येईपर्यंत दगडाला हात लावायचा नाही. मालकाने लिहून दिलं, आमची यंत्रं त्या दिवसापासून थंड आहेत. फाटकाला मोठं कुलूपही लावलं. पण रोज सकाळी अकराच्या सुमाराला आत्याच्या दोऱ्यांवरच्या ओल्या कपड्यांवर पिठासारखी करडी पूड उतरायची. आवाज येतो म्हणावं तर मालकाचे वकील म्हणत, आवाजाला पुरावा काय? फोटो काढायला गेलेल्या दोघांना खाणीच्या कुत्र्यांनी असं पिटाळलं की फोटो आले ते फक्त त्यांच्या स्वतःच्या चपलांचे.

म्हणून आत्याने आपल्या धंद्याला शोभेल असा उपाय काढला. रोज सकाळी एक कोरा पांढरा रुमाल मागच्या दोरीवर लावायचा, संध्याकाळी हलक्या हाताने काढायचा, कोपऱ्यात तारीख घालायची आणि घडी करून ठेवायचा. सोमवारी कोर्टात तारीख होती. त्याच दिवशी नूतनीकरणाचाही निकाल लागायचा होता. तो मालकाच्या बाजूने लागला असता तर पुढची वीस वर्षं हेच.

आणि आत्याकडे वीस वर्षं सोडा, वीस महिनेही नव्हते. एक कपडा तीन-तीनदा धुवावा लागे. दवाखान्याच्या चादरी गेल्या, कारण त्या येताना पांढऱ्या यायच्या आणि जाताना करड्या जायच्या. पाठोपाठ हॉटेलचे टेबलक्लॉथ गेले. आतोबांनी घालून दिलेलं दुकान, ते गेल्यावर बाईने एकटीने ओढलेलं. "अजून एक उन्हाळा असा गेला की शटर ओढायचं," असं ती मला म्हणाली होती, तेही इस्त्रीची वायर गुंडाळता गुंडाळता, जणू दुसऱ्याच कुणाच्या दुकानाचं शटर.

आत्या माणसाची आधी कॉलर बघते, मग चेहरा. माझ्या लग्नात नवरीकडच्या मंडळींची ओळख करून दिली तेव्हा ती हळूच म्हणाली होती, "माणसं चांगली आहेत. बाह्या आतून स्वच्छ आहेत." कुणाचा संसार कसा चाललाय, कोण आजारी आहे, कुणी सिगारेट सुटल्याची थाप मारलीय, हे तिला कपड्यांवरून कळतं, आणि ती ते कुणाला सांगत नाही. अशा बाईच्या दुकानात मला एकट्याला सोडलं, हा तिच्या आयुष्यातला बहुधा एकमेव चुकलेला अंदाज.

शुक्रवारी संध्याकाळी आत्याच्या वकीलबाई रुमाल न्यायला आल्या. तरुण, चटपटीत, त्यांचे काळे कोट आत्याकडेच धुवायला असतात. त्यांनी वरचा रुमाल उलगडला. मग दुसरा. मग मधलाच एक ओढून काढला.

"आत्या, हे इतके पांढरे कसे?"

आत्याने रुमाल नाकाशी नेला, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "साबण जास्त झालाय," ती म्हणाली. "आमच्या भाच्याने धुतलेत."

"सगळे?"

"सगळे," मी म्हणालो. त्या वेळपर्यंत माझ्या आवाजात थोडा अभिमानही होता.

वकीलबाई खुर्चीत बसल्या. "म्हणजे एकशे बेचाळीस दिवस इथे कणभरही धूळ नव्हती, याचा तारीखवार पुरावा तयार केलात तुम्ही. समोरचे वकील तुमचा सत्कार करतील."

आत्या "चहा टाक," एवढंच म्हणाली. आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. चहा झाल्यावर म्हणाली, "उद्या काउंटरवर बस. पाण्याच्या जवळ जाऊ नकोस."

शनिवारी मी काउंटरवर बसलो. साडेदहाला एक गृहस्थ आले: सडपातळ, भांग पट्टी धरून पाडलेला, हातात पिशवी. ते खाणीचे मॅनेजर होते. दर शनिवारी पाच शर्ट टाकायचे आणि पाच न्यायचे, हा त्यांचा नेम. खाणीवर दावा ठोकणारी बाई खाणीच्याच मॅनेजरचे कपडे कशी घेते, असं मी आल्याआल्याच विचारलं होतं. "भांडण टेकडीचं आहे, शर्टाचं नाही," आत्याचं उत्तर.

मॅनेजरांनी धुतलेला शर्ट उजेडात धरला आणि खिशाची शिवण नखाने फाकवून बघितली.

"तुम्ही नवीन का?"

"भाचा."

"बरं. वही द्या."

तक्रारवही काउंटरवर दोरीने बांधलेली असते. ते उभ्या उभ्या पण अत्यंत टापटिपीने लिहू लागले. अक्षर असं की लग्नपत्रिका छापावी. सही केली, खाली तारीख घातली, शाई वाळायला फुंकर मारली आणि गेले.

मी वही वाचली ती केवळ वेळ जावा म्हणून. आजचा मजकूर असा: "कॉलर व खिशाच्या शिवणीत दगडाची पूड तशीच. वारंवार सांगूनही सुधारणा नाही." मागचं पान उलटलं. तेच अक्षर, तीच सही. त्याच्या मागे आणखी एक. तीन महिन्यांपूर्वीचा मजकूर जरा लांबला होता: "क्रशरजवळ उभे राहणाऱ्या माणसाचे कपडे कसे धुवावेत हे दुकानाने शिकून घ्यावे. आमच्याकडे आठवड्याचे सहा दिवस काम चालते. आपण धुलाईला आठवडा लावता. आम्ही घालायचे काय?"

खरं सांगतो, मला आधी आत्याबद्दल वाईट वाटलं. एवढी मरमर करते बाई, आणि नीट धुता येत नाही. मग हळूहळू, खडीच्या चढावर डंपर चढावा तसा, दुसरा विचार वर आला. मॅनेजर रोज क्रशरजवळ, म्हणजे खडी फोडायच्या यंत्राजवळ, उभा. आठवड्याचे सहा दिवस काम. आणि कोर्टात मालकाचा कागद: यंत्रं थंड.

"आत्या," मी आत हाक मारली, "तू या तक्रारी वाचत नाहीस का?"

"कुणाच्या, त्याच्या? छे. कटकट्या माणूस आहे. मी खाली 'दिलगीर आहोत' लिहिते आणि पान उलटते."

खरंच, प्रत्येक तक्रारीखाली तिच्या अक्षरात 'दिलगीर आहोत' होतं. मी वही तिच्यापुढे धरली. तिने चष्मा लावला आणि दोन पानं वाचली, तिसरं दोनदा वाचलं. मग बँडेज बांधलेल्या हाताने वहीची दोरी सोडायला लागली.

सोमवारी न्यायाधीशांनी आधी रुमालांबद्दल विचारलं. आत्या सरळ म्हणाली, "होते. भाच्याने धुतले." न्यायाधीशांनी माझ्याकडे बघून विचारलं, "का?" मी म्हणालो, "मदत म्हणून." त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. काय, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मग वही पुढे गेली. मालकाचे वकील म्हणाले, बंद खाणीतही वारा सुटला की धूळ उडतेच. न्यायाधीशांनी तो सहा दिवसांचा मजकूर मोठ्याने वाचला आणि मालकाच्या वकिलांमागे बसलेल्या मॅनेजरांना विचारलं, "हे अक्षर तुमचं?"

मॅनेजरांच्या चेहऱ्यावर दोन गोष्टी झगडताना दिसल्या, नोकरी आणि अक्षर. अक्षर जिंकलं. "माझंच आहे," ते म्हणाले. "पण तक्रार खरी आहे, साहेब."

निकाल त्याच दिवशी दुपारी लागला. नूतनीकरणाचा अर्ज केला म्हणजे खोदायची परवानगी मिळाली असं होत नाही; मंजुरी नसताना काम चालू ठेवून कोर्टाला खोटं सांगितलं, म्हणून पट्टा वाढवून मिळणार नाही; क्रशरला सील; आणि उरलेल्या उतारावर मालकाने स्वतःच्या खर्चाने झाडं लावून ती जगवून दाखवायची. वकीलबाईंनी आत्याचा हात हातात घेतला, नेमका मुरगळलेला. आत्याने ओठ घट्ट मिटून घेतले, हात काढून घेतला नाही.

हात बरा होईना म्हणून मी आणखी आठवडा राहिलो. शनिवारी साडेदहाला मॅनेजर आले. आत येईनात. पायरीवर पिशवी धरून उभे, भांग मात्र तसाच पट्टीत. मी तरातरा आत गेलो.

"आत्या, तो आलाय. पाच शर्ट घेऊन. एवढं सगळं झाल्यावरही त्याचे कपडे धुणार तू?"

आत्या इस्त्रीवरून नजर न उचलता म्हणाली, "का नाही? आता एका धुण्यात निघतील."