नंबर नसलेली नोंद

भूतबीत म्हटलं की मी आधी सर्व्हर तपासतो, असला माणूस आहे मी. रत्नागिरीत वेबसाइट बनवतो. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय...

आमच्या गावात शिमग्याला पालखी घरोघर जाते. कुठलं घर उघडं, कुठलं बंद, याची वही वसंतकाका ठेवायचे. काका तीन वर्षांपूर्वी गेले आणि नोंदींचा नुसता बट्ट्याबोळ झाला. म्हणून यंदा गावप्रमुख अण्णा म्हणाले, "मंदार, तुझा तो फॉर्म का काय तो बनव. मुंबईकर भरतील."

बनवला. नाव, घर, माणसं किती, मोबाईल. मोबाईलपुढे लाल स्टार — नंबर टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जाणारच नाही. फालतू नोंदी नकोत म्हणून!

पालखीच्या दोन दिवस आधी एक नोंद आली. नाव: वसंतकाकांचं. माणसं: एक. मोबाईल: रिकामा. निरोप: "ती घरी आहे."

माझी सटकली. मेलेल्या माणसाच्या नावाने चेष्टा? आणि नंबरशिवाय गेलीच कशी? स्वतः दहा वेळा करून बघितलं, फॉर्म अडतो म्हणजे अडतोच. काकू तर आजारी पडल्यापासून वर्षभर मुंबईला लेकीकडे, घराला कुलूप. डिलीट केली. संध्याकाळी परत तीच. डिलीट. दुसऱ्या दिवशी परत! अख्खा कोड उसवला, डोकं आउट झालं, चूक सापडेना. तिसऱ्यांदाही उडवली आणि यादी छापून अण्णांच्या हातात दिली.

पालखी यादीप्रमाणे फिरली. काकांचं घर पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, पार टोकाला, आजूबाजूची घरंही बंदच, म्हणून अलीकडूनच वळली. मी तिकडे लावलेली बाईक काढायला गेलो, तर... दार उघडं. अंगणात रांगोळी. पायरीवर काकू, हातातल्या ताटात नारळ.

"ढोल ऐकले रे मी," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मेल्यांनो, माझ्या दाराशी येऊन परत फिरलात?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तसाच धावत सुटलो. अण्णा आधी खेकसले, "यादी तुझीच ना रे?" मग पालखी मागे वळवली. काकूंच्या अंगणात नाचवली, देवाला गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडला. काकू पदराने डोळे पुसत हसत होत्या.

नंतर विचारलं, "काकू, फॉर्म कोणाकडून भरून घेतलात?"

"कसला फॉर्म? माझ्याकडे कुठे फोन? परवा एकटीच एसटीने आले. पाय सुजलेले, कोणाकडे जाववेना. ह्यांच्या फोटोला म्हटलं — मी घरी आले आहे, कळवा हो कोणाला तरी."

सर्व्हरचे लॉग आजही माझ्याकडे आहेत. त्या तीन नोंदी कुठून आल्या, त्याची एक ओळ नाही. तीन वेळा मी डिलीट दाबल्याची मात्र आहे, वेळेसकट. उत्तर माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर सांगा.

मोबाईलपुढचा लाल स्टार तेवढा मी काढून टाकलाय.