जबल जैसवरचा ढग

फौजेतून हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि पुढची पोस्टिंग शारजाला लागली. म्हणजे एका गोदामावर सिक्युरिटी सुपरवायझर. तिथल्या रोल्ला भागात एका खोलीत आम्ही चौघं राहतो. सुट्टी रविवारी. त्या दिवशी दुबईतल्या करामात सुनंदावहिनींच्या भावाच्या खानावळीत जेवायचं, एवढंच रूटीन.

वहिनी म्हणजे फौजेतल्या माझ्या जोडीदाराची, नायक नामदेवची बायको. तो गेला तेव्हा त्यांची मुक्ता अकरा महिन्यांची होती. आता ती दुबईत नोकरी करते, गाडी चालवते. जानेवारीतल्या एका शनिवारी तिचा फोन आला.

"काका, उद्या जबल जैसच्या डोंगरावर. आई चार वर्षांत करामाबाहेर पडली नाहीये. पाच वाजता, शार्प."

मी पाचला चौकात उभा होतो. गाडी पाच वीसला आली.

रास अल खैमा शहर मागे पडलं आणि रस्ता वळणं घेत चढू लागला. उजाडत होतं. डोंगरांवर झाड नाही, गवत नाही. राखाडी, मग गुलाबी, मग पुन्हा राखाडी. एकामागे एक घड्या.

वहिनी म्हणाल्या, "कुणीतरी गोधड्या वाळत घालून विसरून गेलंय."

साडेसातला गाडी लावून डोंगराच्या धारेवरून चालायला लागलो. थंडी चांगली होती. कुठूनतरी शेळ्यांचं ओरडणं यायचं, शेळ्या दिसायच्या नाहीत. खूप खाली धुरकट समुद्र. पाय आपोआप पडत होते. मध्येच वाटायचं, मागे वळून पाहिलं तर फौजेतलं आपलं सेक्शन ओळीने येत असेल. मी वळलो नाही.

नऊला एका सपाट दगडावर बसलो. वहिनींनी थालीपिठांचा डबा काढला.

मुक्ताने विचारलं, "काका, बाबा शेवटी तुमच्यापासून किती लांब होते?"

वहिनींचा हात झाकणावर थांबला.

"साठ पावलं," मी म्हणालो.

ती उठली आणि धारेवरून मोजत निघाली. साठाव्या पावलावर वळून तिने हात वर केला.

"इतकं जवळ?" ती ओरडली.

तेवढ्यात दरीतून ढग वर आला. आवाज नाही, वारा नाही. आधी तिचे बूट गेले, मग जॅकेट, मग तो वर केलेला हात. मी आणि वहिनी एका पांढऱ्या खोलीत बसल्यासारखे उरलो.

"काका, काहीच दिसत नाहीये. मी येते हं."

"हॉल्ट!"

हा आवाज मी कित्येक वर्षांत काढला नव्हता. "खाली बस. हलायचं नाही. बसल्या जागी मोठ्याने आकडे म्हण."

"वन. टू. थ्री..."

वहिनींना दगडावरच थांबवलं. हातापायांवर रांगत आवाजाच्या रोखाने गेलो. एकशे तीसला तिचं मनगट हातात आलं. तिथेच बसून राहिलो. ढग अकरा मिनिटांनी सरकला. कडा तिच्यापासून तीन पावलांवर होता.

परत आलो तेव्हा वहिनी उभ्या होत्या. त्यांनी मुक्ताला जवळ घेतलं. माझे गुडघे सोलले होते, ते त्यांनी पाहिले. मग मला बोलावंच लागलं.

"वहिनी, त्या दिवशी असाच ढग होता. बर्फातली पोस्ट. नामदेव तुटलेली टेलिफोन लाइन जोडायला गेला होता. वायरलेसवर मी होतो. त्याने विचारलं, 'थांबू का येऊ?' मी म्हणालो, 'ये. ओव्हर.' चहा झाला होता म्हणून. कड्याबाहेर नुसतं बर्फ पुढे आलेलं होतं, खाली दगड नव्हता. त्याला ते दिसलं नाही. रिपोर्टमध्ये मी एवढंच लिहिलं की संपर्क तुटला."

मुक्ता आईकडे बघत होती. वहिनी समुद्राकडे.

"तुम्ही ये म्हणाल्यावर ते काय म्हणाले?"

"आलोच, म्हणाला."

वहिनींनी डबा पुन्हा उघडला.

"मला तेवीस वर्षं वाटायचं, भाऊजी, की ते एकटेच होते. कुणी बोलायलासुद्धा नव्हतं."

त्यांनी मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्यांनी थालीपीठ माझ्या हातात दिलं, ते मी खाल्लं.

संध्याकाळी उतरताना मुक्ता गाडी हळू चालवत होती. डोंगर पुन्हा गुलाबी व्हायला लागले होते. वहिनींचा मागे डोळा लागला होता.

"काका, बाबांचा आवाज कसा होता?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्या हिवाळ्यात आम्ही पोस्टवर नऊजण चढलो आणि आठजण उतरलो. नवव्याचं नाव, नंबर, गाव, सगळं कागदावर आहे. आवाज कुठेच लिहिलेला नाही.

"घोगरा," मी सांगितलं. "पाटणकडचा. सेटवर बोलणं संपवताना 'ओव्हर' म्हणायचा नाही. 'वव्हर' म्हणायचा. कॅप्टनसाहेब चिडायचे."

मुक्ताने वळणावर गाडी आणखी हळू केली. मग तिने आवाज जाड करून, हळूच म्हणून पाहिलं.

"वव्हर."

"अजून थोडं खालून," मी म्हणालो.