लिंबू, मोटर आणि थोरला जावई

हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा. चहा नाकातून येईल, मग मला बोल लावाल. स्वतःच्या अकलेचे असे जाहीर धिंडवडे काढून घेणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. आज बघून घ्या, समोरच बसलाय!

जळगावच्या शाळेत बावीस वर्षं मी दहावीला विज्ञान शिकवतोय. विद्युत मोटर म्हणजे आपला हातखंडा धडा. झोपेतून उठवलं तरी आकृतीसकट सांगेन.

माझी सासुरवाडी पिंपळनेरजवळच्या एका खेड्यात. तिथला मी थोरला जावई. पूर्वी पहिला मांडा माझ्या पानात पडायचा. मग धाकटा साडू उमेश पुण्यात बड्या पगारावर लागला आणि सासूबाई "आधी उमेशरावांना वाढा" म्हणू लागल्या. खोटं कशाला बोलू, पोटात जळायचं माझ्या! मांड्यासाठी नाही हो, मानासाठी.

त्यात उमेशने इलेक्ट्रिक गाडी घेतली. साधीसुधी नाही. टॉप स्पीड ताशी दोनशे तीस, शून्यावरून शंभरावर चार सेकंदांत! ती पूजेसाठी गावी आणली. सकाळी ओट्यावर सगळे जमले. गाडी उमेशची, पण व्याख्यान कोण देतंय? अर्थात मी!

"दोनशे तीस, आबा! दोनशे तीस!" मी सासऱ्यांना म्हणालो.

आबा शांतपणे म्हणाले, "कोनता रस्तावर, जावईबापू? आठे तं मन्हा ट्रॅक्टर वीसवर गया तरी पाठना मनका हातमा येस."

"रस्त्याचा प्रश्न नाही, आबा. क्षमतेचा आहे!" आता ही क्षमता काय चाटायची होती का? पण मला कोण अडवणार! "तुमच्या ट्रॅक्टरसारखी इंजिनं आधी बोंबलतात, मग त्यांना जोर येतो. मोटरचं तसं नाही. उभ्या जागी, पहिल्या क्षणाला पूर्ण जोर! आणि आवाज? शून्य!"

आबांनी मान हलवली. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावरून गेलं.

मग पूजा झाली. हार झाला, नारळ फुटला, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. आता गाडी लिंबांवरून पुढे घ्यायची. उमेश म्हणाला, "थोरल्या जावयाचा मान. दादाच घेतील."

बायको कानाशी आली. "अहो, स्कूटर सोडून काही चालवलंय का अलीकडे? नको ना!"

"मोटर शिकवतो मी," मी म्हणालो आणि बसलो.

उमेशने गाडी चालू करून दिली. "दादा, फक्त ब्रेक सोडा. आपोआप सरकेल. दुसऱ्या पेडलला हातसुद्धा लावू नका."

पेडलला हात? पण मी हसलो नाही. गावासमोर त्याचं हसं होईल ना!

आता आमच्याकडची रीत ऐका. नवी गाडी दारात आली की रेस देऊन तिचा आवाज सगळ्यांना ऐकवायचा. आवाज जेवढा मोठा, तेवढी गाडी दणकट. आवाजच नसलेली गाडी म्हणजे आमच्या लोकांना मिशा नसलेला फौजदार.

शेजारचे नाना ओरडले, "गाडी चालू शे का बंद शे?"

"चालू आहे!" मी काचेतून म्हणालो.

"आवाज तं काहीच नही येत! रेस द्या ना, जावईबापू! बठ्ठा लोके आयकाले उभा शेतस!"

अख्खा गाव माझ्याकडे बघतोय. कित्येक वर्षांनी उमेश मागे उभा आणि मी पुढे. अशा वेळी माणसाने काय करावं? शांत बसावं! मी काय केलं? ब्रेकवरचा पाय उचलला आणि दिली रेस. पूर्ण. थेट तळाला!

नंतरचं मला फार आठवत नाही. पाठ सीटमध्ये रुतली, कोंबड्या उडाल्या, सासूबाईंच्या हातातलं औक्षणाचं ताट उडालं, आणि समोरच्या उकिरड्याने मला पोटाशी घेतलं. माणसं बाजूला उभी होती, म्हणून देवाची कृपा. लिंबांचं म्हणाल, तर चारही फुटली.

काचेपर्यंत शेण. मी दार उघडून उतरलो, तो गुडघाभर आत. उमेश धावत आला. पुढचा बंपर हार गळ्यात घेऊनच निखळला होता. तो एवढंच म्हणाला, "असू द्या, दादा." अहो, शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं!

आणि गाडी ओढून काढली कोणी? आबांच्या त्याच ट्रॅक्टरने! भडभडभड बोंबलत आला, साखळी लावली, आणि दोनशे तीसची गाडी ताशी दोनच्या वेगाने बाहेर निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ट्रॅक्टरला.

दुपारी पंगत बसली. पहिला मांडा उमेशच्या पानात. मी गोठ्यामागे तिसऱ्यांदा अंघोळ करून आलो, तरी माझ्या दोन्ही बाजूंचे पाट रिकामे. बायकोसुद्धा लांबूनच वाढत होती.

शेवटी आबा आले आणि माझ्याशेजारी बसले. मला भरून आलं. म्हटलं, चला, एका माणसाला तरी थोरल्या जावयाची कदर आहे! आबा पाणी प्यायले, त्यांनी मिशा पुसल्या आणि विचारलं,

"जावईबापू, मोटर उभा जागावर पूरा जोर लावस, हाई सकायले तुम्हीच सांगं ना? मी तं आयकं. तुम्ही नही आयकं का?"

बावीस वर्षांत लक्ष देऊन ऐकणारा एक विद्यार्थी मिळाला, आणि नेमका त्याच दिवशी नापास झाला मास्तर!